पुराचे मॉडेल कपाटात का पडते?

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढले. जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा पंचावन्नच्या आसपास गेले. तेव्हापासून दर पावसाळ्यात एकच वाद नव्याने पेटतो: दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा, कोयना धरणाच्या विसर्गाचा, नदीकाठच्या बांधकामांचा की महामार्गाच्या भरावांचा? वाद मोर्चात होतो, विधानसभेत होतो, वाहिन्यांवर होतो. गणित मांडून मात्र क्वचितच होतो.

गणित करणारे हात राज्यात आहेत. दरवर्षी एम.टेक. आणि पीएच.डी.चे कितीतरी विद्यार्थी संगणकात नद्या वाहवतात, निळ्या-जांभळ्या छटांचे नकाशे काढतात, सोनेरी अक्षरांच्या बांधणीत प्रबंध सादर करतात. व्हायवा होतो, पेढे वाटले जातात, प्रबंध विभागाच्या कपाटात जातो. पुढच्या पुरात तो कोणी उघडत नाही, आणि खरे सांगायचे तर उघडून फारसे काही हाती लागणारही नसते. माझे म्हणणे असे की हे काम आखणीच्या पहिल्या दोन महिन्यांतच बिघडलेले असते. संगणक नंतर फक्त ते बिघडलेपण रंगवून दाखवतो. आणि आखणी सुधारणे ही एकट्या विद्यार्थ्याची जबाबदारी नाही. गाइड, विद्यापीठ, जलसंपदा विभाग आणि नदीकाठचे नागरिक, सगळ्यांच्या वाट्याला त्यातले काम येते.

या विषयाशी रोजचा संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात: वाहत्या पाण्याचे नियम फ्रेंच अभियंता सँ व्हनाँ याने १८७१ मध्ये दोन समीकरणांत मांडले. आले तेवढे पाणी कुठेतरी गेले पाहिजे, हे पहिले. उतार, दाब आणि तळाचे घर्षण मिळून त्याचा वेग ठरवतात, हे दुसरे. खऱ्या नदीसाठी ही समीकरणे कागदावर सुटत नाहीत. म्हणून नदीचे आणि काठाचे हजारो चौकोन पाडायचे आणि दर काही सेकंदांनी प्रत्येक चौकोनातले पाणी मोजत पुढे जायचे. यालाच संख्यात्मक मॉडेल म्हणतात. आता मुद्दे.

१. विषय ठरतो, प्रश्न ठरत नाही

‘एचईसी-रास वापरून कृष्णा नदीच्या पुराचा अभ्यास’ अशा धर्तीचे शीर्षक कोणत्याही विभागाच्या यादीत सापडेल. यात नदी आहे, सॉफ्टवेअर आहे, प्रश्न नाही. प्रश्न कसा असतो ते पाहा. कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बेंगळुरू महामार्गाचा भराव पंचगंगेच्या पूरमैदानाला आडवा जातो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत महामार्ग तिथे बंद पडला, आणि भरावाऐवजी खांबांवरचा पूल हवा ही मागणी गावांनी तेव्हापासून लावून धरली आहे. तर प्रश्न असा: या भरावात आणखी अमुक इतक्या रुंदीच्या मोऱ्या असत्या, तर २०१९ च्या पुरात वरच्या बाजूचे पाणी किती इंचांनी आणि किती तास आधी उतरले असते? खालच्या बाजूला ते किती चढले असते?

याचे उत्तर इंचांत आणि तासांत येते. ते चुकू शकते, तपासता येते. रस्त्याच्या अभियंत्याला त्याचा उपयोग होतो आणि शिरोळ तालुक्यातल्या खालच्या गावालाही, कारण वरचे पाणी लवकर सुटले तर ते कुणाच्या तरी दारात जाणार. शिवाय हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या एका वर्षात मावतो.

अलमट्टीचा प्रश्न मावत नाही, आणि तरी पोरे तोच उचलतात, कारण तो गाजलेला आहे. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी सध्या ५१९.६ मीटर आहे. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा कृष्णा पाणी तंटा लवादाने कर्नाटकाला दिली. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने सांगलीच्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अनेकांना ते आजही पटलेले नाही. सांगलीपासून अलमट्टी नकाशावर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, नदीच्या वळणांनी त्याहून बरेच लांब. मध्ये हिप्परगीचा बंधारा, दोन राज्ये आणि दोन्हीकडची बंद दप्तरे. ज्याला हा विषय घ्यायचाच आहे त्याने त्याचा एक तुकडा कापून घ्यावा: उदाहरणार्थ, धरणाची पातळी दोन मीटर खाली धरली तर तिचा परिणाम नदीत वरच्या बाजूला कुठवर जाणवतो आणि कुठे संपतो. एवढेच काटेकोर करून दाखवले तरी वादातली निम्मी हवा निघून जाईल.

गाइडसाठी सोपी परीक्षा: विद्यार्थ्याला प्रश्न मराठीत, सॉफ्टवेअरचे नाव न घेता, नदीकाठच्या सरपंचाला विचारता येईल अशा एका वाक्यात लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर विषयाला मंजुरी देऊ नका.

२. सॉफ्टवेअर फुकट झाले, शिस्त गेली

खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, १९१६ पासूनची परंपरा असलेल्या त्या संस्थेत, नदीचे किंवा बंदराचे मॉडेल म्हणजे शेडमध्ये किंवा मैदानावर बांधलेली, खरे पाणी वाहणारी छोटी प्रतिकृती असे. ती बांधायची तर सिमेंट, वाळू, मजूर, महिने. त्यामुळे आधी विचारले जाई: नेमके काय पाहायचे आहे? अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे एचईसी-रास आज कोणीही उतरवून घेऊ शकतो. २०१६ पासून त्यात द्विमितीय प्रवाहही आला. उत्तम साधन आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण मॉडेल उभे करणे स्वस्त झाल्यापासून ‘काय पाहायचे’ हा सवाल कोणी विचारीनासे झाले. लांब पल्ल्याच्या नदीला एकमितीय मॉडेल पुरते. भरावाला वळसा घालून शेतांतून फिरणाऱ्या पाण्याला द्विमितीय लागते. ही निवड प्रश्नावरून ठरते, मागच्या वर्षीच्या सीनियरकडे कोणती फाइल होती यावरून नव्हे.

३. जमिनीची उंची: सगळ्यात मोठी फसगत इथे

बहुतेक प्रबंधांतली जमीन एसआरटीएमची असते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने जगाच्या बऱ्याचशा भागाची उंची मोजली. तीच तीस मीटरच्या चौकोनांत आपल्याला फुकट मिळते. तिच्या उंचीतल्या चुकीची ठरवून दिलेली मर्यादाच १६ मीटर होती. प्रत्यक्षात सपाट भागात ती बरीच चांगली निघते, पण तरी मीटरांत. आणि आपला प्रश्न इंचांचा.

त्याहून गमतीची गोष्ट वेगळी आहे. रडारला जमीन दिसत नाही, वर जे असेल ते दिसते. फेब्रुवारी म्हणजे कृष्णाकाठी ऐन गळीत हंगाम. काही फड तुटलेले, काही उभे. उभ्या उसाच्या शेंड्याला आणि पाल्याला आपटून परतलेली लहर त्या शेताला शेजारच्या तुटलेल्या शेतापेक्षा उंच दाखवते. मग पंचवीस वर्षांनी एखादा विद्यार्थी त्या नकाशावर पाणी सोडतो, आणि पाणी त्या कधीच्या तुटून गेलेल्या उसाला वळसा घालून जाते. नदीपात्राचे तर विचारूच नका. रडार पाण्याखाली पाहत नाही. त्याला दिसतो तो पाण्याचा पृष्ठभाग. म्हणजे नकाशातली कृष्णा आधीच काही मीटर भरलेली असते आणि पुराचे पाणी तिच्या वर रचले जाते.

यावर उपाय नवा नाही: आडवे छेद. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत, पात्राच्या तळासह मोजलेली उंची. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी असताना एक होडी, एक टोटल स्टेशन आणि चार पोरे घेऊन पुलाच्या वर-खाली दहा-बारा छेद घेता येतात. जलसंपदा विभागाने पूररेषा आखताना घेतलेले छेद विभागाकडे असतात, ते मागावेत. भराव, बंधारे आणि गावरस्ते यांची माथ्याची उंची तर हाताने मोजलीच पाहिजे, कारण तीस मीटरच्या चौकोनात दहा मीटर रुंदीचा रस्ता विरघळून जातो, आणि इथे तर सगळा प्रश्नच त्या रस्त्याचा आहे.

शून्याचा घोळ हा आणखी एक. अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये सांगतात. आयर्विन पुलाची फुटांत, पुलाजवळच्या मोजपट्टीवरून. बातम्यांच्या पट्टीवर दोन्ही आकडे शेजारी धावतात आणि लोक त्यांची तुलना करतात. मोजपट्टीवरचा शून्य फूट म्हणजे समुद्रसपाटीपासून किती मीटर, हा तलांक कळल्याशिवाय ती तुलना व्यर्थ आहे. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची तर पृथ्वीच्या कल्पित लंबगोलावरून मोजलेली असते. आपल्या भागात तिच्यात आणि समुद्रसपाटीवरच्या उंचीत साठ मीटरहून अधिक फरक येतो. मोठा फरक निदान डोळ्यांत भरतो आणि दुरुस्त होतो. मीटर-दीड मीटरचा फरक लपून राहतो, आणि पुराच्या निष्कर्षाची वाट तोच लावतो. म्हणून माझी सूचना: प्रबंधाच्या पहिल्याच पानावर एक तक्ता हवा. कोणती उंची, कुठल्या शून्यापासून, कोणी मोजली, कधी.

४. उसाचा ‘एन’

पाण्याला जमीन किती अडवते हे मॅनिंगच्या ‘एन’ नावाच्या एका आकड्यात मांडतात. स्वच्छ, सरळ नैसर्गिक पात्राला साधारण ०.०३, दाट झुडपांना ०.१ किंवा जास्त. व्हेन ते चाउ यांच्या १९५९ च्या पुस्तकातला तक्ता जगभर वापरला जातो, आपल्याकडेही. त्यात उभ्या पिकांची ओळ आहे, उसाची नाही. शिरोळ-मिरजेच्या पूरमैदानात तर नजर जाईल तिकडे ऊस.

आणि ऑगस्टमधला ऊस एकसारखा नसतो. गेल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली डोक्याच्या कितीतरी वर गेलेला, यंदाचा आडसाली नुकता सरीत पडलेला, मधे पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा. प्रत्येकाचा अडसर वेगळा. सपाट पूरमैदानावर ‘एन’ दुप्पट धरला तर तेवढेच पाणी वाहून न्यायला सुमारे दीडपट खोली लागते, हे सूत्रावरून दोन ओळींत निघते. मग ०.०४ की ०.०८, ही निवड गुपचूप करण्याजोगी आहे का? तरीही बहुतेक प्रबंधांत हा आकडा संगणकाचे उत्तर निरीक्षणाशी जुळेपर्यंत हलवला जातो, आणि जुळला की त्याला ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. पात्राचा तळ चुकलेला असला तरी ‘एन’ फुगवून पातळी जुळवता येते. उत्तर बरोबर, कारण खोटे. मग भरावाला मोऱ्या पाडून पाहिल्या की तेच मॉडेल बिनदिक्कत चुकीचे सांगते.

नदीकाठच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला इथे चाउपेक्षा जास्त कळते. कोणत्या शिवारात कोणता हंगाम, बांधावर काय उगवले आहे, कुठला ओढा कोणी बुजवला. हे ज्ञान प्रबंधात आणायला त्याला लाज वाटू नये, एवढे तरी गाइडने पाहावे.

५. एक पूर कुलूपबंद ठेवा

२०१९ चा पूर बरेच दिवस पडत राहिलेल्या पावसाचा होता. २०२१ चा दोन-तीन दिवसांच्या झोडपण्याचा. त्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. स्वभावाने वेगळे असे दोन मोठे पूर दोन वर्षांच्या अंतराने, नोंदींसह हाती आहेत. संशोधकाला यापेक्षा जास्त काय हवे? आखणीच्या दिवशीच लिहून ठेवावे: आकडे २०१९ वर जुळवीन, २०२१ ला शेवटपर्यंत हात लावणार नाही. मग शेवटी एकदाच, काही न बदलता, २०२१ चा पाऊस आणि विसर्ग आत सोडायचा आणि जे येईल ते छापायचे. ज्या पुरावर जुळवले त्याच पुरावर तपासणे म्हणजे पेपर फोडून परीक्षा देणे.

तपासायचे काय, हेही आधी ठरवावे. नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये दिलेला निर्देशांक सगळे वापरतात, तो ०.९ च्या वर गेला की परीक्षक खूश. पण महिनाभराचा चढउतार नीट पकडणारे मॉडेल शिखराच्या दिवशी चार फूट चुकले तरी हा निर्देशांक देखणा राहू शकतो. सांगलीकराला ०.९ शी काय करायचे? त्याला शिखर किती फुटांनी चुकले आणि किती तासांनी चुकले ते सांगा.

६. माहिती मिळवणे हाच अर्धा प्रकल्प

नदीचे कॅलेंडर आणि विद्यापीठाचे कॅलेंडर जुळत नाही. एम.टेक.चा प्रबंध शेवटच्या दोन सत्रांत, म्हणजे साधारण जुलै-ऑगस्टात सुरू होतो. तेव्हा छेद घ्यायचा उन्हाळा निघून गेलेला असतो आणि पूर दारात असतो. विषय दुसऱ्या सत्रातच, फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठरला पाहिजे, हा नियम विद्यापीठ एका परिपत्रकात करू शकते. खर्च शून्य.

कृष्णेची आकडेवारी गंगा-सिंधूसारखी गोपनीय वर्गातली नाही. पुण्याच्या हवामान विभागाचा १९०१ पासूनचा चौकोनवार दैनंदिन पाऊस उतरवून घेता येतो. फक्त ते चौकोन पाव अंशाचे, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरचे आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही नाही. घाटमाथ्याचा पाऊस अशा चौकोनात सरासरी होऊन पातळ होतो. म्हणून तालुक्यातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी लागतातच, आणि त्यासाठी पत्र, स्मरणपत्र, सही, शिक्का. एखाद्या विद्यार्थ्याला ताशी विसर्गाचे आकडे माहितीच्या अधिकारात मागावे लागतात, ही विभागाला शोभणारी गोष्ट नाही. पुरात दर तासाला हेच आकडे पत्रकारांच्या ग्रुपवर पडत असतात! पावसाळा संपला की प्रत्येक मोजणी केंद्राची ताशी पातळी, प्रत्येक धरणाचा ताशी विसर्ग, मोजपट्टीचा तलांक आणि पात्राचे छेद एका जागी सर्वांसाठी ठेवावेत, ही मागणी या लेखातली सगळ्यात साधी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे.

जिथे मोजपट्टी नाही तिथेही निरीक्षणे आहेत. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तमंदिरात पाणी शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते तो दक्षिणद्वार सोहळा. तो कोणत्या दिवशी झाला हे भाविक आणि स्थानिक वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे नोंदवत आली आहेत. पादुकांची उंची एकदा नीट मोजली की त्या प्रत्येक तारखेची एक पूरपातळी होते, तीही नेमकी दोन नद्यांच्या मिलाफावरची, जिथे मॉडेल सर्वांत जास्त अडखळते. जुने अंक चाळायला एखादा आठवडा ग्रंथालयात बसावे लागेल. पण इतकी जुनी आणि लोकांनी सांभाळलेली नोंद कुठल्याही सेन्सरकडे नाही.

७. संगणकाचा वेळ आधी मांडा

दहा मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे दहा मीटर धावते. प्रवाहाचा वेग मिळवला तर बारा. १९२८ मध्ये कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी दाखवून दिले की साध्या, पायरीपायरीने पुढे जाणाऱ्या पद्धतीत एका पायरीत लाटेने एका चौकोनापलीकडे जाता कामा नये. म्हणजे तीस मीटरच्या चौकोनाला अडीच सेकंदांची पायरी. चौकोन दहा मीटरचा केला तर चौकोन नऊपट आणि पायऱ्या तिप्पट: काम सत्तावीसपट. आठ तासांत संपणारी फेरी नऊ दिवसांवर जाते. काही पद्धती मोठी पायरी चालवून घेतात, पण लाटेचे टोक बोथट करून. हे गणित पहिल्या आठवड्यात पाठकोऱ्या कागदावर होते. ते न केलेला विद्यार्थी सबमिशनच्या आदल्या महिन्यात लॅपटॉपसमोर जागरण करतो.

खऱ्या नदीआधी खोटी नदी चालवावी. टाकीतले स्थिर पाणी ओबडधोबड तळावर स्थिरच राहते का? फुटलेल्या बांधाचे रिटरने १८९२ मध्ये कागदावर सोडवलेले उत्तर मॉडेल देते का? दोन दिवसांचे काम आहे. आणि मग तिसऱ्या महिन्याच्या आत, जाड्याभरड्या चौकोनांवर का होईना, पावसापासून पुराच्या नकाशापर्यंतची सगळी साखळी एकदा पुरी करून टाकावी. बारीक काम नंतर.

८. रेघ नको, पट्टा काढा

आपल्याकडे निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून फ्लॅट घेणारा निर्धास्त होतो. अर्थ एवढाच की दरवर्षी शक्यता एक टक्का. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, चारात एक. हे बिल्डरच्या माहितीपत्रकात छापून येणार नाही. प्रबंधात तरी यावे.

शिवाय रेषा ही मॉडेलची एकच फेरी असते. पातळीत एका फुटाची अनिश्चितता धरली आणि जमिनीचा उतार पाचशेला एक असला, तर काठावरची रेषा आडवी दीडशे मीटर सरकते. त्या दीडशे मीटरमध्ये एक अख्खी गल्ली बसते. लोक रेषेवर भांडतात, कोर्टात जातात, रेषा ‘हलवून’ घेतात. आणि रेषा काढणाऱ्यालाच ती किती पक्की आहे हे सांगता येत नाही. ‘एन’, विसर्ग आणि जमिनीची उंची शक्य त्या मर्यादेत बदलून शंभर-दोनशे फेऱ्या घ्याव्यात आणि नकाशावर पट्टा काढावा: इथे नक्की पाणी, इथे बहुधा, इथे सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ हा भाग महापालिकेच्या नगररचना विभागाला आवडणार नाही. न आवडो.

९. चुकलेले उत्तर छापण्याची मुभा

ल्युइस फ्राय रिचर्डसनने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करताना हाताने हवामानाचे पहिले संख्यात्मक भाकीत केले. २० मे १९१० चा दिवस, सहा तासांचा अंदाज. उत्तर आले: हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने चढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ जागचा हलला नव्हता. रिचर्डसनने १९२२ च्या पुस्तकात ते सपशेल चुकलेले उत्तर सगळ्या आकडेमोडीसह छापले. म्हणूनच पुढच्या लोकांना गोम शोधता आली; ती पद्धतीत नव्हती, सुरुवातीच्या निरीक्षणांतल्या असमतोलात होती. १९५० मध्ये एनिअ‍ॅक संगणकावर त्याच वाटेने पहिले यशस्वी भाकीत झाले.

आपल्याकडे मॉडेल चुकले तर विद्यार्थ्याला सत्र वाढवून मिळेल या भीतीने ‘एन’ हलवला जातो. परीक्षकांनी गुणांची विभागणीच बदलावी: कुलूपबंद पुरावर मॉडेल किती जुळले याला थोडे गुण, का जुळले नाही याच्या शोधाला जास्त.

१०. प्रबंध कोणाचा?

पीएच.डी.चे प्रबंध यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर शोधगंगावर ठेवावे लागतात. एम.टेक.च्या प्रबंधांना तशी सरसकट सक्ती नाही, आणि नदीच्या छोट्या तुकड्यांवरचे, गावाच्या उपयोगाचे काम बहुतांशी तिथेच होते. शोधगंगावरही मिळते ती पीडीएफ. मॉडेलच्या फाइली, छेद, मोजलेल्या उंची मिळत नाहीत. त्यामुळे दरवर्षी नवा विद्यार्थी तीच कृष्णा पुन्हा पहिल्यापासून उभी करतो, त्याच एसआरटीएमवर, त्याच चुकांसह.

विद्यापीठाने तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. प्रबंधासोबत सगळ्या फाइली खुल्या ठेवणे. दोन पानी मराठी सारांश, ज्यात उत्तर फुटांत, तासांत आणि त्यातल्या अनिश्चिततेसह असेल. आणि तो सारांश जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला व संबंधित ग्रामपंचायतीला पोचवल्याची पोच. मग पुढचा विद्यार्थी मागच्याच्या खांद्यावर उभा राहील. तो नवे छेद जोडेल, नव्या पुरावर जुने मॉडेल तपासेल. पाच वर्षांत शिरोली ते नृसिंहवाडी या पट्ट्याचे एक असे मॉडेल तयार होईल की ज्याच्या चुका सगळ्यांना माहीत आहेत. वादात उभे करायला ते कुठल्याही गुप्त अहवालापेक्षा भक्कम.

नदीकाठच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घराच्या, तालमीच्या, देवळाच्या भिंतीवर २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण अजून असेल, तर दिवाळीला रंग देण्याआधी तिच्या शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, जमिनीपासूनची उंची, वर्ष आणि ठिकाण लिहा, आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात नेऊन द्या. तिथल्या प्राध्यापकांनी ती पोच देऊन घ्यावी.